अगुदर आपल्यावर

मी सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डाव्या हाताने वरणभात खात होते आणि उजवा हात त्यांनी टॉवेलने खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवला होता.

लग्न होऊन मी नुकतीच साताऱ्याहून चंदीगडला आले होते. नवरा मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टर. तो सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा, आणि मी क्वार्टरच्या खिडकीतून सरळ रेषेतले रस्ते बघत बसायची. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक काकू भेटल्या. मी समाजकार्याची पदवी घेतली आहे हे कळल्यावर म्हणाल्या, "आमच्या घरच्याईले मदतीले कोणी पाह्यजे हाय. उद्या जेवाले ये." म्हणून मी गेले, तर त्यांच्या यजमानांचं हे दृश्य.

"हात दुखतोय का?" मी विचारलं.

"नाई. हात धडधाकट हाय," सर म्हणाले. "मनूनच बांधला."

"पाव्हण्याईसमोर तरी सोडा म्हटलं," काकू म्हणाल्या. "अर्धा भात टेबलावर, अर्धा शर्टावर. पोटात काय जाते ते देवाले माईत."

प्रकार असा होता. एका बँकेत हाताने लिहिण्याची मोठी पुस्तकं जाऊन मशीन येणार होती. जन्मभर मोत्यासारखं अक्षर काढणारे कारकून हवालदिल झाले होते आणि त्यांना सांभाळायचं काम सरांकडे आलं होतं. ज्या हाताच्या जिवावर आयुष्य काढलं तो हात एका सकाळी कामाचा राहिला नाही तर माणसाला कसं वाटतं, ते सर स्वतःवर करून पाहत होते. हा त्यांचा नियम होता. जे लोकांना करायला सांगायचं ते आधी स्वतः करायचं. ते अकोल्याचे. चंदीगडात इतकी वर्षं काढूनही त्यांची वऱ्हाडी जशीच्या तशी होती. ते म्हणत, "अगुदर आपल्यावर. मंग लोकाईवर."

वरणभात संपत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुले काय येत नाई?"

मी तयारी करून गेले होते ती काय येतं ते सांगायची. गडबडले. म्हटलं, "पंजाबी येत नाही. सायकल येत नाही. इथली थंडी अजिबात सोसत नाही."

"बरं हाय," सर खूश होऊन म्हणाले. "ज्याले सारंच येते, त्याले दुसऱ्याची फजिती दिसत नाई. सोमवारपासून ये."

आमचं ऑफिस बावीस सेक्टरमध्ये एका कापडाच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, तीन टेबलं, एक टाइपरायटर. काम काय, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. एखादा कारखाना नवी पद्धत आणतो, एखादं खातं दुसऱ्या सेक्टरात हलतं, दोन कचेऱ्यांची एक होते. कागदावर सगळं ठरतं, पण माणसं काही हलत नाहीत. अशा वेळी सरांना बोलावत. आता या धंद्याला मोठमोठी नावं आहेत आणि तो करणारे सूटबूट घालतात. तेव्हा त्याला नावच नव्हतं. सरांनी रंगाऱ्याकडून हिंदीत पाटी करून घेतली होती, त्यावर 'परिवर्तन सलाहकार' असं लिहिलं होतं.

त्या पाटीने एकदा घोळ केला. पाटबंधारे खात्यातले एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले आणि सरांचे पायच धरायला निघाले. "साब, मेरा तबादला रुकवा दो!" बदली करून देणारं किंवा रद्द करून देणारं हे ऑफिस, असा त्यांचा समज झाला होता. बदली झाली होती सरहद्दीकडच्या एका गावी. ते दहशतवादाचे दिवस असे होते, की पंजाबातल्या तिकडच्या जिल्ह्याचं नाव काढलं तरी घरात स्वयंपाक होत नसे. रोज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मेलेल्यांचे आकडे. चंदीगडातसुद्धा बँकेच्या दाराशी वाळूची पोती, प्रत्येक चौकात स्कूटरची डिकी उघडून दाखवायची, बसमध्ये कुणी डबा विसरला तरी अख्खी बस रिकामी व्हायची.

सर त्यांना "चुकीच्या जागी आलात" म्हणाले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला आणि दुपारभर त्यांचं ऐकून घेतलं. बदली रद्द करणं त्यांच्या हातात नव्हतं, तसं त्यांनी शेवटी सांगितलं. पण तोवर त्या गृहस्थांनी स्वतःच ठरवलं होतं की बायकोमुलं चंदीगडला राहतील, आपण एकट्याने जायचं आणि शनिवारी दिवसाउजेडी घरी यायचं. जाताना ते जिना हळूहळू उतरले. पुढे हिवाळ्यात तिकडून किन्नू संत्र्यांची पेटी आली. सरांनी सोलून पहिली फोड मला दिली आणि म्हणाले, "पाह्य, आपुन काईच केलं नाई, तरी फळ आलं."

सरांचा एक हुकूम होता. पाटीवर काहीही असो, लोकांसमोर 'बदल', 'परिवर्तन' हे शब्द काढायचे नाहीत. "त्या शब्दानं पोटात गोळा येते," ते म्हणत. कुठल्याही नव्या जागी गेलो की साहेबांच्या केबिनमध्ये न बसता ते सरळ माणसांत जाऊन बसत आणि एकच विचारत. इथलं काय गेलं तर तुम्हाला वाईट वाटेल? लोक आधी बावचळत आणि मग बोलत. कुणाला खिडकीजवळची जागा सोडवत नसे. कुणाला अकराचा चहा सगळ्यांनी उभ्याउभ्या एकत्र प्यायचा असे. बँकेतल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने सांगितलं, की गिऱ्हाईक आपल्याला नावाने हाक मारतं तेवढं राहू द्या. सर हे सगळं घेऊन साहेबांकडे जात आणि त्यातलं जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवत. "काय जाईन ते साऱ्याईले माईत असते," ते मला म्हणत. "काय राहीन ते कोणी सांगत नाई. ते तू सांग."

हे काम त्यांनी किती वर्षं केलं असेल! मी नंतर स्वतःचं काम सुरू केलं, माझी मुलगी मोठी झाली, ती सरांच्या वऱ्हाडीला हिंदीत उत्तरं देऊ लागली, तरी सर आपले थैली घेऊन कुठेतरी निघालेलेच. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर त्यांना आयटी पार्कमधल्या एका कंपनीने बोलावलं. तिथे कुणालाच ठरलेली खुर्ची राहणार नव्हती. जो येईल तो मिळेल तिथे बसेल. पंचविशीतली मुलं त्यावरून रुसून बसली होती. सरांनी घरी रोज नव्या जागी झोपायला सुरुवात केली. काकूंचा मला फोन. "काल दिवाणखान्यात, परवा जिन्याखाली. आज माह्या स्वयपाकघरात गादी टाकून रायले. तू यिऊन त्याईले समजाव." मी गेले नाही. मला माहीत होतं, आठवड्याभरात ते त्या मुलांशी बोलायला जातील आणि मुलं त्यांना आजोबा म्हणू लागतील. तसंच झालं.

पण सरांची खरी गोष्ट म्हणून मला आठवते ती त्या धास्तीच्या दिवसांतली, दुधाची.

चंदीगडबाहेरच्या एका दूध डेअरीचा टँकर संध्याकाळी गावोगावचं दूध गोळा करून परत येत असे. एका संध्याकाळी रस्त्यावर काही बंदूकधाऱ्यांनी तो अडवला, ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि टँकर पेटवून दिला. ड्रायव्हर वाचला, पण दुसऱ्या दिवसापासून एकही ड्रायव्हर संध्याकाळच्या फेरीला जायला तयार होईना. डेअरीने ठरवलं, की टँकर दुपारीच जाईल आणि सूर्य मावळायच्या आत परत येईल. म्हणजे गावांनी संध्याकाळची धार दुपारी काढायची. फतवा निघाला, आणि कुणी ऐकलं नाही. टँकर रिकामा जाई, रिकामा येई आणि संध्याकाळचं बरंचसं दूध घरोघर नासून जाई. शेवटी डेअरीचे मॅनेजर आमच्या दोन खोल्यांत आले.

सरांनी पहिल्या दिवसापासून घरचं रात्रीचं जेवण दुपारी चारला आणलं. काकूंनी भाकरी थापता थापता मला ऐकवलं, "त्याईले सांग, मी म्हैस नाई."

मुल्लानपूरच्या बाजूला एक गाव होतं. आज तिथे दहा-दहा मजल्यांच्या इमारती आहेत. तेव्हा गव्हाची शेतं, एक गुरुद्वारा, एक छप्पड, म्हणजे गावातलं तळं, आणि घरटी दोन-चार म्हशी. आम्ही तिथून सुरुवात करायचं ठरवलं. मॅनेजरांनी गुरुद्वाऱ्याच्या अंगणात लाउडस्पीकर लावून भाषण केलं. पुरुषांनी माना डोलावल्या. घरी गेल्यावर सगळं होतं तसंच.

मग सर रोज तिथे जाऊ लागले. बसने सकाळी जायचं, दुपारी परत. गावाने त्यांना मास्टरजी करून टाकलं. ते धार काढायला शिकले. शिकवणारी होती बेबे. तिला सगळं गाव बेबेच, म्हणजे आईच म्हणे. सत्तरीची, हाडापेराने मोठी आणि तोंडाने तिखट. पहिल्या दिवशी म्हशीने सरांना बादलीसकट उलथं पाडलं. बेबे हसून हसून भिंतीला टेकली.

"मास्टरजी, मझ कोई घड़ी वेखदी ए?" तिने विचारलं. म्हैस काय घड्याळ बघते?

"नहीं देखती, बेबे," सर शेण झटकत म्हणाले. "मैं भी नहीं देखता. साथ में सीखेंगे."

पण शिकून काही होईना. दुपारी म्हशी छप्पडात असत. शाळेतून आलेली पोरं त्यांना पाण्यात घेऊन जात आणि ऊन उतरेपर्यंत बाहेर काढत नसत. पाण्यातून ओढून काढलेली म्हैस पान्हा सोडत नाही. बायका म्हणत, तो वेळ आमचा चाऱ्याचा, पाठ टेकायचा. मॅनेजरांचा रोज निरोप येई. सर परतीच्या बसमध्ये एक दिवस म्हणाले, "मी त्याईले टँकरची अडचण सांगून रायलो. टँकर त्याईचा कोण लागते?"

त्याच आठवड्यात एक दिवस आम्ही निघायच्या वेळी बातमी आली, की पुढच्या रस्त्यावर काहीतरी झालंय, बस येणार नाही. आम्हाला गावातच थांबावं लागलं. बेबेने आम्हाला आपल्या घरी नेलं. तिथून फोन करायची सोय नव्हती. घरी काय वाटत असेल, या विचाराने मी सारखं घड्याळ बघत होते.

तोवर आम्ही त्या गावची संध्याकाळ पाहिलीच नव्हती. ऊन खाली आलं तशी बायकांची धावपळ सुरू झाली. म्हशी पिळायच्या, दूध गाळायचं, कॅन भरायचे, त्यातच चूल. बेबेचा मुलगा गुरमेल सायकलला दोन कॅन लावून निघाला. टँकर संध्याकाळी येत नव्हता, म्हणून तो दूध घेऊन पार मोठ्या रस्त्यावरच्या हलवायाकडे जात असे. तो गेला आणि गाव मिटायला लागलं. एकेक दार बंद, आतून अडसर. गल्लीत बोलणं थांबलं. बेबेने चूल आम्हाला दाखवून "तुम्ही बसा" म्हटलं आणि स्वतः दाराच्या फटीशी जाऊन उभी राहिली. बोलेना, हलेना. दिवसभर टकळी चालवणारी ती बाई अंधार पडेपर्यंत तशीच उभी होती.

सायकलचा आवाज आला. गुरमेल आत आला, रिकामे कॅन ठेवले. बेबेने अडसर लावला आणि त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "हुण रोटी खाओ."

सर जेवले नाहीत. म्हणजे बसले, पण घास हातातच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बेबे, गुरमेल दिन रहते घर आ जाए, ऐसा हो तो?"

बेबे त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. "एह गल्ल पहिले दिन क्यों नहीं कीती?" ती म्हणाली. ही गोष्ट पहिल्याच दिवशी का नाही काढलीत? "तुम लोग तो टँकर टँकर करते रहे."

"गलती हो गई, बेबे."

"आ जाएगा? पक्का?"

"पक्का मैं नहीं कह सकता," सर म्हणाले. "रास्ता मेरे हाथ में नहीं है. लेकिन दूध दोपहर में गाँव से ही टँकर में चला जाए, तो गुरमेल को जाना ही नहीं पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबेने आपल्या अंगणात बायका जमवल्या. सर एका बाजल्यावर बसून होते, बोलत नव्हते. बायकांनी मावळतीपासून उलटा हिशेब केला. दारं कधी लागायला हवीत, त्याआधी भाकरी कधी, त्याआधी धार कधी. पोरं शाळेत असतात म्हणून म्हशींना सकाळीच म्हाताऱ्यांनी छप्पडावर न्यायचं ठरलं. म्हातारे कुरकुरले, पण बेबेसमोर त्यांचं काही चालणार नव्हतं. धार एकदम नाही, थोडी थोडी अलीकडे आणायची.

म्हशी रुसल्या. दूध कमी झालं. मॅनेजर संतापून आले, तेव्हा सरांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "थोड़े दिन कम आएगा, साब. उनका पूरा दिन उलट गया है, आपका सिर्फ टँकर. सब्र कीजिए!" मॅनेजर चहा न पिता गेले. पण त्यांनी टँकर चालू ठेवला. हळूहळू बादल्या पुन्हा भरू लागल्या. ज्याचा टँकर जळला होता तोच ड्रायव्हर एके दिवशी दुपारची फेरी घेऊन आला आणि गावातल्या बायकांनी त्याला गूळ घातलेलं दूध पाजलं. मग शेजारच्या गावाने विचारलं, मग त्याच्या शेजारच्या.

त्या हिवाळ्यात त्याच मोठ्या रस्त्यावर दिवस मावळताना गोळीबार झाला. वाटेने जाणारी दोन माणसं गेली. आमच्या गावांतलं कुणी रस्त्यावर नव्हतं. डेअरीने सरांचा सत्कार करायचं ठरवलं. सरांनी नाही म्हटलं. "दोन गेलेच ना," एवढंच बोलले आणि टेबलावरचे कागद लावत बसले. दुपारी ते एकटेच गावाला गेले. बेबेने त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. परत आले ते जरा सावरलेले होते आणि हातात मोहरीची भाजी होती.

वर्षं गेली. रस्ते हळूहळू मोकळे झाले. चौकातली पोती गेली, बस रात्रीपर्यंत धावू लागल्या. तेव्हा डेअरीत नवे मॅनेजर आले होते. त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की आता भीती राहिली नाही, दुपारचं ऊन दुधाला सोसत नाही, तर गावांना पुन्हा जुन्या वेळेवर आणा.

सरांच्या स्कूटरवरून आम्ही दोघं गावाला गेलो. बेबे आता काठी घेऊन चालत होती. तिचं अंगण पुन्हा बायकांनी भरलं. सरांनी डेअरीचं म्हणणं मांडलं. गुरमेलची बायको म्हणाली, "नहीं जी."

"क्यों?"

"शाम साडी हो गई ए, मास्टरजी." संध्याकाळ आता आमची झाली आहे. ती भराभर सांगत गेली. आधी दिवस मावळला तरी कामं उरकत नसत. भीतीपायी दुपारी धार काढायला लागलो. आता भीती गेली, पण चारनंतर हात मोकळे असतात. पोरांचा अभ्यास घेता येतो, शेजारणीकडे जाता येतं, कुणी शिवण शिकतं. बाकीच्या सगळ्या एकदम बोलू लागल्या. बेबेने काठी आपटून त्यांना गप्प केलं आणि सरांना म्हणाली, "डेअरी नूं कह दे, ओह अपणे आप नूं बदल लवे." डेअरीला सांग, आता तिने बदलावं.

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. कुणीतरी पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि "कह दूँगा" म्हणाले. आणि तसंच त्यांनी नव्या मॅनेजरांना सांगितलं. थंड करायची टाकी गावातच बसवून घेतली, वेळ तीच ठेवली.

त्या दिवशी गावातून निघायला आम्हाला उशीर झाला. सूर्य शेतांमागे गेला होता. मला सवयीने घाई झाली, मी स्कूटरवर मागे बसून घड्याळ बघू लागले. सरांनी त्याच मोठ्या रस्त्याला लागल्यावर एका ढाब्यापाशी स्कूटर लावली.

"काहून? काही विसरलं का?" त्यांच्या संगतीत माझ्या तोंडी वऱ्हाडी यायला लागली होती.

"नाई. चाय पिऊ."

"आत्ता? अंधार पडतोय."

"मनूनच," सर म्हणाले.

आम्ही बाजल्यावर बसलो. चहा आला, तो संपला, सरांनी आणखी मागवला. समोरून ट्रक गेले, ट्रॅक्टर गेले, एक वरातीची बस बँडबाज्यासकट गेली. पलीकडच्या बाजल्यावर एक कुटुंब जेवत होतं, त्यांचं लहान पोर रस्त्याच्या कडेने धावत होतं आणि त्याची आई त्याला नुसती गाड्यांना जपून राहा म्हणून ओरडत होती. ढाबेवाल्याने दिवे लावले. पूर्ण अंधार झाला तरी आमच्यातलं कुणीच उठलं नाही.